‘नॉर्मल झाली का?’

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पेरणीच्या ऐन घाईत, मी चार दिवसांसाठी बीबीला माहेरी गेले होते. भाऊ ओट्यावर सोयाबीनच्या बियाण्याच्या थैल्या मोजत होता, वहिनी वरणाला फोडणी देत होती, आणि पुण्याहून भाचीचा फोन आला. तिला पाचवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे बीबीकडे, हे तिच्या लग्नाआधीपासूनच ठरल्यासारखं. पण ती आईशी न बोलता माझ्याशी बोलली. “आत्या, मला सिझरच करून घ्यायचंय. आधी तारीख ठरवून. घरात तू सांग.”

मी सांगितलं. भाऊ काही बोलला नाही. अशा वेळी बाप थैल्या मोजतो. वहिनीनं गॅस बारीक केला. “लोकं काय म्हणतील ताई? कळा सोसायची तयारी नाही म्हणतील पोरीची. मी ऐकलं ना आयुष्यभर.” कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईकडे आम्ही दोघींनी एकदमच पाहिलं. घरातला सगळ्यात मोठा विरोध तिथूनच येणार, असं मी धरून चालले होते. आई म्हणाली, “म्हणू दे लोकाईले. आमच्या टायमाले सिझर असतं तर माझी बहीण आज इथं शेंगा फोडत बसली असती.”

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. डॉक्टर नाही. पण ‘निवड’ हा आमच्या विषयाचा पायाच आहे, आणि निवड कशाला म्हणायचं याच्या काही अटी आम्ही पहिल्याच वर्षी शिकवतो : दोन्ही पर्याय हाताशी असले पाहिजेत, दोन्हींची माहिती पाहिजे, आणि निवडणारा माणूस आणि किंमत मोजणारा माणूस शक्यतो एकच पाहिजे. भाचीच्या फोननंतर मी या अटी आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या बाळंतपणांना लावून पाहिल्या. एकीलाही त्या लागू होईनात. हा लेख तिथून सुरू झाला.

आधी शब्दाबद्दल. आमच्याकडे बाळंतपणाची बातमी आली की पहिला प्रश्न ‘काय झालं?’ आणि दुसरा ‘नॉर्मल झाली का?’ दुसऱ्या प्रश्नात चौकशी असते तशी परीक्षाही असते. ‘नॉर्मल’ म्हटलं की समोरची बाई “बरं झालं माय” म्हणते. ‘सिझर’ म्हटलं की आवाज खाली येतो, मग कारण विचारलं जातं, आणि बिल किती झालं हेही. योनीमार्गे झालेल्या प्रसूतीला ‘नॉर्मल’ म्हणायची सवय इंग्रजीतूनच आली असणार, पण तिचा परिणाम मराठी घरात असा झाला की उरलेल्या साऱ्या बायका आपोआप ‘ॲबनॉर्मल’ ठरल्या. म्हणून या लेखात मी ‘नैसर्गिक’ हा शब्द वापरते आहे. तोही निर्दोष नाही. निसर्ग बाळंतिणीशी कसा वागतो, ते आईच्या बहिणीला विचारायला हवं होतं.

ती मावशी मी पाहिलेली नाही. साठच्या दशकातली गोष्ट. मूल आडवं होतं. सुईण अनुभवी होती, पण आडव्या मुलापुढे तिचा इलाज चालला नाही. दोन दिवस कळा, मग बैलगाडी, आणि गाडी मोठ्या रस्त्याला लागण्याआधीच सगळं संपलं. याला आमच्याकडे ‘अडणं’ म्हणतात. बाई अडली. मूल आडवं असेल, वार गर्भाशयाच्या तोंडावरच आली असेल, बाळाचं डोकं आणि आईचा कटिबंध यांचा मेळ नसेल, तर पोटातून मूल काढणं हा दोघांना वाचवण्याचा बहुतेक वेळा एकमेव मार्ग असतो. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधासाठी हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हाच विषय घेतला होता. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं स्वतःचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. महाराष्ट्रात २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू होत होता. २००१-०३ मध्ये हा आकडा १४९ होता. या घसरणीचं श्रेय एकट्या शस्त्रक्रियेचं नाही. दवाखान्यातली प्रसूती, रक्त, औषधं, रस्ते, मुलींची लग्नाची वाढलेली वयं, सगळ्यांचंच. पण सिझरबद्दल तक्रार करताना मी आधी मावशीला आठवते. तिच्यापुढे एकच पर्याय होता, म्हणजे निवड नव्हतीच.

वहिनीच्या पुढेही नव्हती, फक्त उलट्या दिशेनं. भाचीच्या वेळी नवव्या महिन्यात सोनोग्राफी झाली, ‘पाणी कमी आहे’ असं सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. एकही कळ आली नाही. चार वर्षांनी भाचा झाला तेव्हा कुणी काही विचारलंच नाही : पहिलं सिझर म्हणून दुसरं सिझर. तेव्हापासून गावातल्या बायकांनी वहिनीला थट्टेत ‘बिनकळाची आई’ म्हटलं. ती हसायची. मला वाटायचं तिला चालतं.

‘एकदा सिझर, की कायम सिझर’ हे वाक्य आजही दहापैकी नऊ घरांत नियमासारखं सांगितलं जातं. तो नियम नाही. आधी एकच सिझर झालेलं असेल, गर्भाशयावरचा छेद खालच्या भागात आडवा असेल आणि पहिल्या वेळचं कारण या वेळी नसेल, तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता येतो. असा प्रयत्न करणाऱ्या चारजणींपैकी साधारण तिघींना यश येतं. धोका एकच पण मोठा : जुना व्रण उसवण्याचा, दोनशे जणींत साधारण एकीला. म्हणून हा प्रयत्न तातडीनं ऑपरेशन करता येईल अशाच ठिकाणी करायचा असतो. वहिनीनं दुसऱ्या वेळी तो करायला हवा होता, असं माझं म्हणणं नाही. दोनशेत एक हा आकडा ऐकून तिनं नको म्हटलं असतं तर ते योग्यच होतं. पण तो आकडा तिला कुणी सांगितला नाही.

आता देशाचे आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ च्या फेरीत भारतात १०० पैकी ८.५ प्रसूती सिझरनं झाल्या होत्या. २०१५-१६ मध्ये १७.२ आणि २०१९-२१ मध्ये २१.५. महाराष्ट्रात २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात २०.१ वरून २५.४. म्हणजे चारातली एक. पण खरी गोष्ट सरासरीत नाही, दारात आहे. २०१९-२१ मध्ये देशातल्या सरकारी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण १४.३ टक्के होतं आणि खासगीत ४७.४ टक्के. बाई तीच, कटिबंध तोच, मूल तेच. ती कुठल्या दारातून आत गेली यावर तिच्या पोटावर व्रण येण्याची शक्यता तिपटीनं बदलते. राज्याराज्यांतली तफावत तर याहून मोठी : तेलंगणात ६०.७ टक्के, नागालँडमध्ये ५.२. बायकांची शरीरं राज्याच्या सीमेवर इतकी बदलत नाहीत.

मग बरोबर प्रमाण किती? १९८५ मध्ये ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरात भरलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीनं १० ते १५ टक्के असा अंदाज दिला आणि तो जगभर देवाज्ञेसारखा उद्धृत झाला. २०१५ मध्ये संघटनेनं तो नीट करून मांडला : एखाद्या देशाच्या लोकसंख्येत सिझरचं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत वाढतं तसे माता-बालकांचे मृत्यू कमी होतात, त्यापुढे प्रमाण वाढल्यानं मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. हा लोकसंख्येचा हिशेब आहे, एका दवाखान्याचा नाही. अवघड बाळंतपणं जिथे पाठवली जातात, त्या जिल्हा रुग्णालयाचं प्रमाण जास्तच असणार. म्हणून तुलना करायची तर मायकल रॉब्सन या डॉक्टरांनी २००१ मध्ये सुचवलेल्या दहा गटांत बायका विभागून करावी लागते : पहिलटकरीण की आधी प्रसूती झालेली, कळा आपणहून आल्या की आणाव्या लागल्या, मूल डोक्यानं की पायाळू, आधी सिझर झालेलं की नाही, असे. हा तक्ता भरायला एक रजिस्टर आणि एक पेन लागतं. पण हा हिशेब बाळंतिणीच्या घरच्यांपर्यंत सहसा येत नाही.

पुढचा मुद्दा मला आकड्यांपेक्षा नकाशावर अधिक कळला. बीबी हे लोणार तालुक्यातलं गाव, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या मोठ्या रस्त्यावरचं. जिल्ह्याचं ठिकाण बुलढाणा, पण अडीअडचणीला लोक जालन्याकडे किंवा मेहकरकडे धावतात. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, ही आसपासच्या खेड्यांच्या मानानं मोठी गोष्ट. पण कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात सिझर व्हायचं तर तीन गोष्टी एकाच वेळी जागेवर लागतात : प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त. तिन्हींतलं एक नसलं की बाकी दोन असून उपयोग नाही. केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशभरातल्या या दर्जाच्या रुग्णालयांत गरजेच्या तुलनेत सुमारे ८० टक्के विशेषज्ञ कमी होते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानं २०११ पासून सरकारी दवाखान्यातली प्रसूती, सिझरसुद्धा, मोफत केली. नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझरनंतर सात दिवस जेवणही मोफत. २०१४ पासून १०८ ची गाडी आली. पैशाची आणि गाडीची अडचण बरीच सुटली. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ कुठून आणायचा, ही उरली. म्हणून अडलेली बाई पुढे पाठवली जाते, आणि पुढे म्हणजे पुष्कळदा खासगीत.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं २०१८ मध्ये सिझरवर लेखमाला काढली, तिचं सार हेच होतं. जगात २००० साली १२ टक्के असलेलं प्रमाण २०१५ मध्ये २१ टक्क्यांवर गेलं. पण जिथे गरज आहे तिथे सिझर मिळत नाही आणि जिथे नाही तिथे ढिगानं होतात. मी ते वाचताना देशांचा विचार करत नव्हते. एकाच तालुक्यात, एकाच रात्री, या दोन्ही गोष्टी घडू शकतात.

खासगीतलं प्रमाण इतकं जास्त का? “पैशासाठी” हे ओट्यावरचं उत्तर अगदी खोटं नाही. सिझरचं बिल मोठं, आणि वेळ तासाभराचा. नैसर्गिक प्रसूतीचं बिल लहान, आणि वाट पाहणं रात्रभराचं. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञानं १९६३ मध्येच दाखवलं होतं की वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, कारण काय विकत घ्यायचं हे ठरवण्याइतकं ज्ञान विकणाऱ्याकडेच असतं. पण मी दोन-तीन डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलले, आणि त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही : “केलेल्या सिझरबद्दल कुणी काच फोडत नाही, न केलेल्याबद्दल फोडतात.” एकटा डॉक्टर, एकच नर्स, वर दहा-बारा खाटा, खाली पंधरा नातेवाईक. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, यातच काय ते आलं. ज्याला एकट्यानं जबाबदारी घ्यायची आहे तो माणूस लवकर निर्णय घेतो. बाळाच्या ठोक्यांचा सतत पट्टा काढणाऱ्या यंत्रामुळेही हेच होतं : अभ्यास सांगतात की कमी धोक्याच्या बाळंतपणात या पट्ट्यामुळे सिझर वाढतात, बाळांना येणारे झटके कमी होतात, पण बालमृत्यू कमी झालेले दिसत नाहीत. यंत्र शंका दाखवतं, आणि एकदा शंका कागदावर उमटली की थांबायची हिंमत कुणाची?

माझं स्वतःचं बाळंतपण इथे सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. २००१ साल, सासरच्या तालुक्याच्या गावातला एक खासगी दवाखाना. चौदा तास कळा. खोलीत मी एकटी. सासूबाई बाहेर बाकावर, कारण आत कुणाला सोडत नसत. ओरडले तर “ओरडायला काय झालं” असं ऐकवलं गेलं. पंधराव्या तासाला सही घेतली, सही नवऱ्याची, माझी नाही, आणि टेबलावर घेतलं. मुलगा धडधाकट होता. डिस्चार्ज कार्डावर कारणाच्या रकान्यात एवढंच : नॉन-प्रोग्रेस ऑफ लेबर. प्रगती नाही. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेली शिक्षिका, मला तो शेरा प्रगतिपुस्तकावरचा वाटला. कैक वर्षं वाटत राहिला.

‘प्रगती’ मोजायची पट्टी कुठून आली, ते मी या वर्षी शोधलं. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ५०० पहिलटकरणींच्या नोंदींवरून एक आलेख मांडला. गर्भाशयाचं तोंड कोणत्या वेगानं उघडतं, याचा. पुढे जगभरच्या प्रसूतिगृहांत ‘तासाला एक सेंटिमीटर’ हा दंडक झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट केलं की हा वेग प्रत्येकीला लावणं वास्तवाला धरून नाही; जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा, आणि पहिलटकरणीला तिथून पुढे बारा तासांपर्यंत लागू शकतात. आई आणि बाळ ठीक असतील तर केवळ घड्याळ पाहून हस्तक्षेप करू नये. माझं तोंड किती उघडलं होतं हे कार्डावर नाही. त्यामुळे माझं सिझर गरजेचं होतं की घाईचं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित त्यानंच माझा मुलगा वाचला असेल. न कळण्याचीसुद्धा सवय होते.

हे सगळं वाचून झाल्यावर मी पुण्याला भाचीकडे गेले. तिला पटवायला नाही. आईच्या इच्छेनं सिझर करणं यात अनैतिक काही नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना तर सांगतात की नीट चर्चा झाल्यावरही बाई ठाम असेल तर तिला सिझर द्यावं. मी तिला दोन्ही बाजू सांगितल्या. ठरवून केलेल्या पहिल्या सिझरचा धोका निरोगी मुलीला फारसा नसतो. कळा नाहीत, आणि पुढे खोकताना-शिंकताना लघवी निसटण्याचा त्रास थोडा कमी. उलट बाजूला, ३९ आठवड्यांच्या आत केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. उठा-बसायला वेळ लागतो. आणि खरी किंमत पुढच्या बाळंतपणात : जुन्या व्रणावर वार रुजून चिकटली तर जिवावरचा रक्तस्राव, आणि प्रत्येक सिझरगणिक ही शक्यता वाढत जाते. एकच मूल हवं असेल तर हिशेब वेगळा, तीन हवी असतील तर वेगळा. तिनं हिशेब शांतपणे ऐकला. मग म्हणाली, “सासूबाईंनी गुरुजींकडून तीन तारखा काढून ठेवल्यात. मी हो म्हटलं कारण मला तरी कुठे कळा हव्यात.”

तारखांचं मला नवल वाटलं नाही. २२ जानेवारी २०२४ ला, अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेच्या दिवशीच मूल व्हावं म्हणून कानपूरच्या रुग्णालयात बायकांनी विनंत्या केल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. जन्मवेळेवरून पत्रिका मांडायची, आणि पत्रिकेवरून जन्मवेळ : यात ग्रहांना काम उरतं कुठे, असा प्रश्न गुरुजींनाही पडत असेल. पण ‘मला तरी कुठे कळा हव्यात’ हे तिचं स्वतःचं होतं. मी विचारलं, भीती नक्की कशाची? दुखण्याची? दुखणं कमी करायला पाठीच्या कण्यातलं इंजेक्शन असतं, पुण्यात मिळतं, आमच्या भागात क्वचित. ती बराच वेळ गप्प होती. “तू सांगितलेली गोष्ट आठवते आत्या. तू आत एकटी होतीस ती. मी लहान होते, स्वयंपाकघरात ऐकली होती.”

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या त्या चौदा तासांनी पंचवीस वर्षांनंतर एका मुलीचा निर्णय केला होता.

एकटं न ठेवण्याचा परिणाम मोजला गेला आहे. प्रसूतीभर एक बाई सतत सोबत असेल तर काय होतं, हे पाहणाऱ्या २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत पंधरा हजारांहून जास्त स्त्रिया होत्या. सोबत असलेल्यांमध्ये सिझर साधारण पावपट कमी, कळांचा काळ थोडा कमी, आणि ‘वाईट अनुभव’ म्हणणाऱ्याही कमी. यात यंत्र नाही, औषध नाही. आमच्या आज्यांच्या काळी हे फुकट होतं. बाळंतिणीच्या पाठीशी एक बाई बसलेलीच असायची. दवाखान्यात आणताना आपण तिला दाराबाहेर ठेवलं. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत सोबतीण आत घ्यायला सांगितलं. खासगीत विचारावं लागतं.

भाची ऑगस्टच्या शेवटी बीबीला आली. गुरुजींच्या तारखा तिनं परत पाठवल्या नाहीत, पाकिटात तशाच ठेवल्या आहेत. कळा आपणहून येईपर्यंत थांबायचं आणि गरज पडली तर सिझरला घाबरायचं नाही, एवढं तिनं ठरवलं आहे. ऑपरेशनची सोय चोवीस तास असलेली दोन ठिकाणं आम्ही पाहून आलो. फाइलच्या पाठीवर तिनं स्वतःच्या अक्षरात प्रश्न लिहिले होते : इथे पहिलटकरणींपैकी किती जणींचं सिझर होतं? रात्री भूलतज्ज्ञ किती वेळात येतो? कारण कार्डावर सविस्तर लिहून देणार का? आत सोबत कोण येऊ शकेल? पहिल्या ठिकाणी पहिल्या प्रश्नालाच चेहरे बदलले. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरीणबाईंनी रजिस्टर उघडून आकडा वाचून दाखवला. तो कमी नव्हता, पण त्यांनी वाचला. सोबतीला एक बाई चालेल म्हणाल्या.

घरी आल्यावर मी सरकारी सूचनेतली अट वाचून दाखवली : सोबतीण स्वतः प्रसूतीच्या कळांमधून गेलेली असावी. वहिनी हातातली ओंजारलेली तुरीची डाळ तशीच धरून म्हणाली, “म्हणजे मी बाद. मले तर एकबी कळ आली नाही.” ती हसली नाही. आई म्हणाली, “मंग मीच येते,” आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या सोबतिणीला कोण धरून नेणार यावर सगळे हसले. मग आई माझ्याकडे वळली. “तू चौदा तास कळा सोसल्या ना? मंग तूच जा आत.” आणि वहिनीला म्हणाली, “अन् तू दाराशी बस. लेकरू पहिल्यांदा तुह्याच हातात देतीन.”

तारीख नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातली आहे. दिवाळीच्या सुट्टीला जोडून मी दहा दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला आहे.